समाचाराला गेलेले दोघे

नवव्या शतकातल्या चीनमध्ये दोगो नावाचे एक आचार्य आणि त्यांचा शिष्य झेंगेन एका घरी समाचाराला गेले. शवपेटी अजून घरातच होती. घरच्यांजवळ थोडा वेळ बसायचं, चार शब्द बोलायचे आणि निघायचं, एवढंच काम. पण झेंगेन पेटीपाशी गेला, तिच्यावर थाप मारली आणि त्याने गुरूंना विचारलं की हा माणूस जिवंत आहे की मेलेला. दोगोंनी दोन्हीतलं काहीच म्हणायला नकार दिला. का नाही म्हणणार, असं विचारल्यावरही पुन्हा तोच नकार. परतीच्या वाटेवर झेंगेनचा धीर सुटला. आत्ताच्या आत्ता सांगा, नाहीतर हात उचलीन, अशी त्याने धमकी दिली. मारायचं तर मार, पण सांगणार मात्र नाही, असं गुरूंनी बजावलं. आणि शिष्याने गुरूंवर खरोखरच हात टाकला.

‘हेकिगानरोकू’ ह्या ग्रंथातलं हे पंचावन्नावं कोआन, म्हणजे झेन साधनेत शिष्याने ध्यास घ्यायचा प्रसंग किंवा प्रश्न. अशी शंभर प्रकरणं अकराव्या शतकात सेच्चो नावाच्या आचार्यांनी निवडली, त्यांवर पद्यं रचली आणि बाराव्या शतकात एन्गो ह्यांनी त्यांवर भाष्य केलं. माणसं सगळी चिनी, पण ही परंपरा मला जपानमार्गे मिळाली, म्हणून नावं तिथल्या उच्चारांनीच तोंडात बसली आहेत. भाष्यातली एक बारीकशी गोष्ट मला फार प्रिय आहे. मार खाल्ल्यावर दोगोंनी शिष्याला सांगितलं की तू आता काही दिवस इथून निघून जा, मठातल्या लोकांना कळलं तर तुझी धडगत नाही. ज्याने उत्तर द्यायला नकार दिला, त्यानेच मारणाऱ्याची काळजी केली. तो नकार कठोरपणातून आलेला नव्हता, हे मला ह्या एका तपशिलावरून पटलं.

मृत्यू म्हणजे काय, मी कोण, ह्या सगळ्याला काही अर्थ आहे का, असले प्रश्न आपण बहुधा पुस्तकातून विचारतो, व्याख्यानाला जाऊन विचारतो, रात्री उशिरा मित्रांशी गप्पा मारताना विचारतो. झेंगेनने तो लाकडावर तळहात आपटून विचारला. समोर खरंच कुणीतरी पडलेलं होतं, बाजूच्या खोलीत बायका रडत असणार, आणि त्याला त्या क्षणी कळायलाच हवं होतं. कोआनला असा माणूस लागतो. ज्याला उत्तर मिळालं तर बरं आणि नाही मिळालं तरी चालेल, त्याचा ह्या साधनेत निभाव लागणं कठीण.

भाऊ, म्हणजे माझे वडील, गेले तेव्हा आमच्या मिरजेच्या घरी समाचाराला आलेल्या प्रत्येकाजवळ उत्तर होतं. सोनं झालं. सुटले बिचारे. देवाघरी गेले. आत्मा थोडाच मरतो. कुणी गरुडपुराणातलं सांगितलं, कुणी पुढच्या जन्माचं. माणसं प्रेमाने बोलत होती, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आजही कृतज्ञता आहे. पण प्रत्येक उत्तराबरोबर भाऊ थोडे थोडे पुसट होत गेले. रेल्वेत उभी हयात घालवलेला हा माणूस निवृत्तीनंतरही अंथरुणात पडल्या पडल्या रुळांचा आवाज ओळखायचा. सकाळी ‘कोयना गेली’ म्हणायचा, रात्री ‘महालक्ष्मी आली बघ’ म्हणायचा. देवाघरी गेलेल्या त्या कुणा पवित्र व्यक्तीशी ह्या माणसाचा काही संबंध मला लावता येईना.

दहाव्याला कृष्णा घाटावर पिंड ठेवला. भाताचा, वर काळे तीळ. कावळा पिंपळाच्या खालच्या फांदीवर बसला होता. मान वाकडी करून एका डोळ्याने पिंडाकडे बघायचा, मग दुसऱ्या डोळ्याने बघायचा, पण उतरत नव्हता. काका पुढे झाले आणि हात जोडून मोठ्याने म्हणाले, “दादा, वहिनींना काही कमी पडू देणार नाही.” कावळा हलला नाही. माझ्या भावाने घराच्या कर्जाचं वचन दिलं. आत्याने काय कबूल केलं ते ऐकू आलं नाही, तिला रडूच आवरेना. ऊन चढत गेलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवता केला आणि आम्ही निघालो. ह्या विधीला हसणाऱ्यांपैकी मी नाही. तेव्हाही नव्हते. त्या घाटावर आम्ही सगळे झेंगेनसारखेच पेटीवर थाप मारत होतो, समाधानाने गेलात की नाही तेवढं सांगा म्हणून विनवत होतो, आणि कावळा काही सांगत नव्हता. इतक्या उत्तरांच्या गर्दीत मला भाऊ सगळ्यात जवळ वाटले ते त्या न उतरणाऱ्या कावळ्याकडे बघताना.

हाकुइन ह्या झेन आचार्याची गोष्ट मी बरीच नंतर वाचली. फुजी पर्वताच्या पायथ्याशी हारा नावाच्या गावात १६८६ साली जन्मलेला हा मुलगा लहानपणी एका प्रवचनाला गेला. प्रवचनकाराने नरकातल्या ज्वाळांचं वर्णन केलं. त्यानंतर एके दिवशी आईबरोबर न्हाणीघरात असताना हौदाखालच्या जाळाने धडधड पेट घेतला आणि मुलाने असा काही टाहो फोडला की घर गोळा झालं. पुढे तो भिक्षू झाला तो ह्या भीतीपोटी. आत्मज्ञानाची ओढ वगैरे नंतरची. मला हे फार खरं वाटतं. मोठ्या प्रश्नांचं मूळ बहुतेकदा अशाच एखाद्या न्हाणीघरात असतं.

मठात अभ्यास करताना त्याला गांतो ह्या चिनी आचार्यांची हकीकत वाचायला मिळाली. ८८७ साली दरोडेखोरांनी त्यांना ठार केलं आणि मरताना त्यांनी फोडलेली किंकाळी कित्येक मैलांवर ऐकू गेली म्हणतात. तरुण हाकुइन हबकला. इतका मोठा ज्ञानी जर असा ओरडत मेला तर माझं नरकापासून काय रक्षण होणार? काही काळ त्याने साधनेचा नाद सोडून चित्रकलेत आणि साहित्यात मन रमवलं. मग पुन्हा वळला, जोशू ह्या चिनी आचार्यांच्या ‘मू’ ह्या कोआनला भिडला, आणि १७०८ साली ताकादा इथल्या एइगान मंदिरात दिवसचे दिवस बसलेला असताना दूरच्या घंटेचा टोल त्याच्या कानी पडला. त्याच्या तोंडून आनंदाने निघालेल्या शब्दांचा आशय असा की गांतो तर इथेच आहेत, धडधाकट आहेत.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर मला तिच्यात विशेष काही वाटलं नसतं. पण हाकुइनला गर्व झाला. तीनशे वर्षांत असा साक्षात्कार कुणाला झाला नसेल असं त्याला वाटू लागलं. त्या धुंदीत तो ईयामा इथे शोजू नावाच्या वृद्ध साधकाकडे गेला. म्हाताऱ्याने त्याचं नाक पिळलं, ओसरीवरून खाली ढकललं, आणि एक नवं कोआन गळ्यात घातलं. नानसेन नावाचे आचार्य वारले ते कुठे गेले? म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, ज्याचा निकाल लागला असं हाकुइनला वाटत होतं! ह्या कोआनने त्याला इतकं घेरलं की भिक्षा मागताना एका दारात तो नुसता खांबासारखा उभा राहिला. आतून जा म्हणून सांगितलं तरी हलेना. तेव्हा घरातलं कुणीतरी खराटा घेऊन धावून आलं आणि त्याला झोडपलं. तो पडला, शुद्धीवर आला, आणि हसत सुटला. शोजूंनी ह्या वेळी पाठीवर हात फिरवला, पण थांबू नकोस म्हणून बजावलं.

इथे मला आपले विसोबा खेचर आठवल्याशिवाय राहत नाहीत. औंढ्याच्या देवळात पिंडीवर पाय ठेवून पडलेले विसोबा, पाय काढा म्हणणारे नामदेव, आणि जिथे पिंड नसेल तिथे माझे पाय ठेव अशी विसोबांची अट. दोन परंपरांचा एकमेकींशी काही संबंध नाही आणि तो ओढूनताणून लावण्यात अर्थही नाही. पण विठ्ठलाशी रोज बोलणाऱ्या भक्ताला आपण ‘कच्चं मडकं’ का ठरलो हे कोणी प्रवचनातून समजावून सांगितलं नाही. दोन म्हाताऱ्या पायांचं वजन त्याला हातात उचलावं लागलं, एवढं मात्र मी मनाशी नोंदवून ठेवलं.

कोआनची ही परंपरा भारतात रुजवणाऱ्यांमध्ये आमा सामी ह्यांचं नाव घ्यावं लागेल. ख्रिस्ती धर्मगुरू, जेझुइट. कामाकुरात यामादा कोउन ह्यांच्याकडे ते शिकले आणि १९९६ साली त्यांनी कोडाईकनालजवळ पेरुमलमलै इथे बोधी झेंडो हे ध्यानकेंद्र उभारलं. यामादा स्वतः संसारी गृहस्थ होते, टोकियोतल्या एका वैद्यकीय संस्थेचं प्रशासन बघत. हिरोशिमात ६ ऑगस्ट १९४५ ला जखमी होऊनही वाचलेले जर्मन जेझुइट लासाल हेही त्यांच्यापुढे बसले. ज्यांचा देवावर विश्वास आहे आणि ज्यांचा नाही, अशी दोन्ही माणसं एकाच भिंतीकडे तोंड करून बसू शकतात हे मला ह्या परंपरेचं मोठंच औदार्य वाटतं.

मी बसते ती ह्याच प्रवाहातल्या एका गुरूंकडे. पहिलं कोआन बहुतेकांना मिळतं तेच मला मिळालं. एका भिक्षूने जोशूंना विचारलं, कुत्र्याला बुद्धस्वभाव असतो का? जोशू म्हणाले, मू. म्हणजे नाही. पण सगळ्या जीवांना बुद्धस्वभाव असतो ही तर महायानाची मूळ शिकवण. मग नाही कसं? मुमोन ह्या आचार्यांनी ह्या एका ‘मू’वर सहा वर्षं घालवली आणि १२२८ साली अठ्ठेचाळीस कोआनांचा ‘मुमोनकान’ हा संग्रह केला तेव्हा हेच पहिलं ठेवलं. होय-नाहीचा अर्थ लावत बसू नकोस, सगळ्या शरीराने ह्या ‘मू’चा शोध घे, असं त्यांचं सांगणं.

सेशिन म्हणजे मौनातली सलग साधना. पहाटे उठायचं. पंचवीस मिनिटं बसायचं, पाच मिनिटं सावकाश चालायचं, पुन्हा बसायचं. पायांना मुंग्या येतात, मग पाय आहेत की नाहीत तेही कळेनासं होतं. दिवसातून एक-दोनदा दोकुसान, म्हणजे गुरूंशी एकट्याने भेट. बाहेर ओळीत बसायचं. आतून गुरूंच्या हातघंटीचा आवाज आला की आपल्या समोरच्या घंटेवर दोन टोले द्यायचे, आत जाऊन नमस्कार करायचा आणि गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ बसून आपलं कोआन सांगायचं. नवा माणूस बरोबर विचार घेऊन जातो. शून्यता, अद्वैत, नेति नेति. गुरू शांतपणे ऐकतात आणि घंटी वाजवतात. भेट संपली. कधी कधी तोंडातून दुसरा शब्द निघायच्या आतच ती घंटी वाजते. मग पुन्हा भिंत, पुन्हा मू. हळूहळू नेण्याजोगं काही उरत नाही. त्या ओळीत रिकाम्या हाताने बसायला फार भीती वाटते, आणि माझा अनुभव असा की साधना खऱ्या अर्थाने सुरू होते ती त्या भीतीपासून.

उत्तरं मिळवणं तसं अवघड नाही. १९१६ साली जपानमध्ये कोआनांच्या पारंपरिक उत्तरांचं एक पुस्तकच छापलं गेलं. मठांमध्ये हलकल्लोळ झाला म्हणावा तर ती पद्धत आजही चालू आहे आणि उत्तरं पाठ करून आलेला माणूस आजही घंटीचा आवाज ऐकून परत फिरतो. ह्याची काळजी जुन्यांनाही होती. ‘हेकिगानरोकू’चे भाष्यकार एन्गो ह्यांचेच शिष्य दाइए ह्यांनी आपल्या गुरूंच्या ह्या ग्रंथाचे छपाईचे लाकडी ठसे जाळून टाकले अशी परंपरा आहे. शिष्य त्यातली वाक्यं घोकून चलाख झाले होते. सुमारे १३०० साली तो ग्रंथ पुन्हा जुळवला गेला म्हणून दोगो आणि झेंगेन माझ्यापर्यंत पोचले. जाळणाऱ्याचं मला पटतं आणि जुळवणाऱ्याचे मी पाय धरते.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. जपानच्या युद्धकाळात अनेक झेन आचार्यांनी सैन्याला आशीर्वाद दिले. मी ज्या परंपरेत बसते तिच्यातले हारादा सोगाकू आणि यासुतानी हाकुउन ह्यांनीही दिले. ब्रायन व्हिक्टोरिया ह्या झेन भिक्षूनेच १९९७ साली हे सगळं पुस्तकरूपाने मांडलं. शेकडो कोआनं पार केलेली ही माणसं होती. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याचं समर्थन मला आजही करता येत नाही. कोआन पार झालं म्हणजे माणूस चुकायचा थांबला असा दाखला मिळत नाही. प्रश्न सुटला अशा समजुतीत जो निवांत बसला, त्याच्या हातून काय काय होऊ शकतं हे शोजूंना कळलं होतं. म्हणून तर ओसरीवरून ढकलायचं.

भाऊंना जाऊन बरेच महिने झाले होते. मी मिरजेला होते, सकाळी भिंतीकडे तोंड करून बसले होते. दूर शिट्टी झाली, रुळांचा आवाज आला, आणि माझ्या तोंडून ‘कोयना’ असा शब्द निघाला. मी म्हटला असं म्हणता येणार नाही. कुणी म्हटलं हा प्रश्नच त्या वेळी नव्हता. गाडी होती, शब्द होता, आणि रडू आलं तेही कुणाचं म्हणून आलं नाही. पुढच्या सेशिनमध्ये मी हे दोकुसानात सांगितलं. गुरूंनी लक्षपूर्वक ऐकलं. घंटी वाजवली नाही. एवढंच विचारलं, “आणि गाडी गेल्यावर?”

त्या प्रश्नाबरोबर मी अजून आहे. दोगोंचं कोआन मला अजून मिळालेलं नाही. आमच्या क्रमात ‘हेकिगानरोकू’ खूप पुढे येतो, आणि त्याच्याबद्दल विचारलं की गुरू मला ‘मू’कडे परत पाठवतात. पण ते कोआन अभ्यासाच्या बाहेर मला भेटतच राहतं. मागच्या दिवाळीत आई आणि मी फराळाचे डबे भरत होतो. एकदम तिने विचारलं, “आपण काय करतो ते त्यांना कळत असेल का गं?” दोगोंचं वाक्य मला येत होतं. पण ते उसनं घेऊन तिच्यापुढे ठेवणं हा खोटेपणा झाला असता, शिवाय तिला तो फटकाच बसला असता. मी म्हटलं, “मला माहीत नाही, आई.” ती म्हणाली, “मलाही नाही.” आणि मग ती बोलायला लागली. समाचाराला आलेल्या कुणाहीजवळ न बोललेलं. लग्नानंतर भाऊंनी तिला पहिल्यांदा स्टेशनात नेऊन सिग्नलची खोली कशी दाखवली, एकदा रागाने तिने पंधरा दिवस माहेरी मुक्काम ठोकला तेव्हा ते रोज गाडीच्या गार्डबरोबर चिठ्ठी कशी पाठवायचे, शेवटच्या आठवड्यात त्यांनी कशाची माफी मागितली. डबे तसेच उघडे राहिले. उत्तर दिलं असतं तर ते बोलणं तिथेच मिटलं असतं, ह्याची मला खात्री आहे.

झेंगेनची गोष्ट मार देण्यापाशी थांबत नाही. दोगो वारले. झेंगेन त्यांच्याच परंपरेतल्या सेकिसो ह्यांच्याकडे गेला, सगळी हकीकत सांगितली, तोच प्रश्न पुन्हा विचारला, आणि सेकिसोंनी दोगोंसारखाच नकार दिला. ह्या वेळी झेंगेनला उमगलं. शब्द तेच होते. फरक इतकाच की पहिल्यांदा पेटीत कुणी परका होता आणि आता स्वतःचे गुरू होते.

त्यानंतर एके दिवशी तो खांद्यावर कुदळ घेऊन सभागृहात आला आणि पूर्वेकडून पश्चिमेला, पश्चिमेकडून पूर्वेला फेऱ्या घालू लागला. सेकिसोंनी विचारलं, हे काय चाललंय? तो म्हणाला, गुरूंच्या अस्थी शोधतोय. सगळीकडे नुसत्या लाटा उसळताहेत, फेस आभाळाला भिडलाय, ह्यात कसल्या अस्थी शोधतोस, असं सेकिसोंनी त्याला खडसावलं. भाऊंच्या अस्थी आम्ही कृष्णेत सोडल्या तेव्हा नदीला बऱ्यापैकी पाणी होतं, मडकं भावाच्या हातातून सुटलं आणि पुढच्याच क्षणी कुठे काय पडलं ते दाखवता आलं नसतं. त्यामुळे सेकिसोंचं म्हणणं मला कळतं. झेंगेननेही ते नाकारलं नाही. पण तो कुदळ खाली ठेवायला तयार नव्हता. म्हणूनच तर इथे जोर लावायचा, अशा अर्थाचं तो काही बोलला आणि फेऱ्या घालत राहिला.